जहाजावर न चढलेली पलटण

31 जुलै 1857 च्या रात्री कोल्हापूरच्या छावणीत 27 व्या मुंबई देशी पायदळाच्या सुमारे दोनशे शिपायांनी रामजी शिरसाट याच्या पुढारपणाखाली बंड केले, खजिना लुटला, शहराकडे धाव घेतली आणि शहराचे दरवाजे बंद असलेले पाहून त्यांच्यातील बहुतेक कोकणच्या दिशेने पांगले, ही हकीकत करवीरच्या इतिहासाची थोडीबहुत गोडी असलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. त्यानंतर कोणी तोफेच्या तोंडी गेले, कोणी फासावर चढले. ती पलटण मोडण्यात आली. राजबंधू चिमासाहेबांची रवानगी कराचीस झाली आणि तेथेच त्यांचा अंत झाला, हेही आपण जाणतो. परंतु त्या मोडलेल्या पलटणीच्या क्रमांकाचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारलेला दिसत नाही. आणि वरवर पाहता तो विचारण्याजोगा वाटतही नाही.

सरकारी दप्तरात क्रमांक रिकामा राहत नाही. कोल्हापूरच्या बंडवाल्यांनी मोकळा केलेला 27 हा आकडा 1858 मध्ये पहिल्या बलुची पलटणीस मिळाला. या पलटणीने दिल्लीच्या वेढ्यात इंग्रजांची इमानेइतबारे चाकरी केली होती, आणि तिला मुंबईच्या नियमित फौजेत जागा देणे हे त्या चाकरीचे बक्षीस होते. दहा वर्षांनी, 10 एप्रिल 1868 रोजी, हबसाणातील आरोगी नावाच्या पठारावर सम्राट तेवोद्रोस याच्या सैन्यावर ज्या पलटणींनी बंदुकांचा मारा केला, त्यांत ही 27 वी पलटण होती. त्या एका दुपारी सुमारे सातशे हबशी मारले गेले; इंग्रजांच्या बाजूचे दोघे मागाहून जखमांनी दगावले.

ही मोहीम निघाली ती मुंबई बंदरातून. तेवोद्रोसने व्हिक्टोरिया राणीस पाठविलेल्या पत्रास लंडनच्या परराष्ट्र खात्याने उत्तर दिले नाही. त्याने रागाने इंग्रज वकिलास व काही पाद्र्यांस बेड्या ठोकल्या. आणि त्यांच्या सुटकेसाठी मुंबईचे सेनापती रॉबर्ट नेपियर तेरा हजार सैनिक, त्याहून दुप्पट बुणगे आणि चव्वेचाळीस हत्ती घेऊन तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर झुला येथे उतरले. 13 एप्रिलला मगदाला किल्ला पडला. राणीने पूर्वी नजराणा म्हणून धाडलेल्या पिस्तुलाने तेवोद्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली. किल्ल्यातील मुकुट, पूजापात्रे आणि शेकडो हस्तलिखिते वाहून नेण्यास पंधरा हत्ती व सुमारे दोनशे खेचरे लागली; मग पुढच्या मुक्कामावर त्या लुटीचा रीतसर लिलाव पुकारण्यात आला, ब्रिटिश म्युझियमच्या माणसाने चढी बोली लावून पुस्तके घेतली, आणि जमलेला पैसा सैनिकांत वाटला गेला. पोरका राजपुत्र आलेमायेहू इंग्लंडला नेला गेला आणि 1879 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तेथेच वारला. दत्तक, वारसा आणि परमुलखात मरण यांच्या कथा करवीरकरांना नवख्या नाहीत. 1870 मध्ये आपले तरुण राजाराम महाराज विलायतेहून परतताना फ्लॉरेन्सला निवर्तले, तेव्हा हा हबशी मुलगा इंग्रजी धुळाक्षरे गिरवीत होता.

या मोहिमेत गेलेल्या देशी पलटणींचा नेहमीचा पगार कोणी दिला, तर हिंदुस्थानच्या खजिन्याने. जादा खर्च तेवढा इंग्लंडने सोसला. पुढे सुदानच्या युद्धासाठी 1896 मध्ये सुआकिनला हिंदी फौज धाडली गेली तेव्हाही हाच हिशेब लावण्यात आला, आणि दादाभाई नौरोजींपासून सर्व शहाण्या माणसांनी त्यावर रोष प्रकट केला. आफ्रिकेतील लोकांचे राज्य जावे यासाठी कोल्हापूर-साताऱ्याच्या कुणब्याने सारा भरावा, असा हा व्यवहार होता. मात्र आक्षेप घेणाऱ्यांनी बहुधा त्यातील साऱ्याचा अर्धा भागच पाहिला, राज्याचा अर्धा पाहिला नाही.

त्यांतले एक नाव कोल्हापूरचे आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील कागलला कारकून होते. गोपाळरावांचे आरंभीचे शिक्षण कागल-कोल्हापुरात झाले आणि भवानी मंडपाजवळच्या राजाराम कॉलेजात त्यांनी काही काळ काढला. 1897 मध्ये वेल्बी कमिशनपुढे लष्करी खर्चाचे आकडे त्यांनी ज्या बिनतोडपणे मांडले, त्याची वाखाणणी विरोधकांनीही केली. पंधरा वर्षांनी, 1912 च्या ऑक्टोबरात, तेच गोखले केपटाऊनला उतरले. नाताळमधील करारमुक्त हिंदी मजुरांवर बसविलेला तीन पौंडांचा वार्षिक कर रद्द व्हावा, हे त्यांचे मुख्य काम. या दौऱ्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यातील जी एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती बहुतेकांनी ओझरती सोडून दिली. डरबनजवळ ओहलांगे येथे जॉन दुबे यांनी झुलू मुलांसाठी चालविलेली उद्योगशाळा होती. गांधी गोखल्यांना घेऊन तेथे गेले, मुलांनी झुलू गाणी म्हटली, आणि गोखल्यांनी सुमारे तासभर दुबे यांच्याशी आफ्रिकी लोकांच्या प्रश्नावर बोलणे केले. हे दुबे त्याच वर्षी 8 जानेवारीला ब्लूमफाँटेन येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय महासभेचे पहिले अध्यक्ष होते. पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून जी जगास माहीत झाली ती हीच संस्था. सहाच वर्षांपूर्वी त्याच नाताळात एक पौंडाच्या डोईपट्टीविरुद्ध बंबाथाने बंड केले होते आणि तीन-चार हजार झुलू कापले गेले होते. त्या वेळी गांधींनी सरकारला डोलीवाल्यांचे पथक पुरविले होते, आणि त्या पथकाच्या वाट्यास जखमी झुलूंचीच शुश्रूषा आली. तीन पौंडांचा कर आणि एक पौंडाची पट्टी, दोन्ही लावणारे सरकार एकच. हे दोन तक्रारदार एकमेकांसमोर बसले ते मात्र तासभरच, आणि पुढल्याच वर्षी, 1913 मध्ये, जमिनीच्या कायद्याने काळ्या लोकांस देशाच्या सुमारे सात टक्के भूमीत कोंडले, तेव्हा त्या संभाषणाचा काही उपयोग झाला असे दिसत नाही.

येथवर आपल्या प्रांताचा आफ्रिकेशी संबंध आला तो चाकर म्हणून, करदाता म्हणून किंवा फार तर शेजारी तक्रारदार म्हणून. उलट बाजूची नोंद शोधू लागले म्हणजे कोल्हापूरहून दक्षिणेची वाट धरावी लागते. गडहिंग्लज मागे टाकताना सामानगडाचा डोंगर दिसतो. 1844 मध्ये याच गडाच्या गडकऱ्यांनी दाजी कृष्ण पंडिताच्या नव्या महसुली बंदोबस्ताविरुद्ध हत्यार उपसले होते. पुढे चंदगडचा पावसाळी मुलूख, तिलारीचा घाट, दोडामार्ग, डिचोली, आणि मग म्हादईच्या खोऱ्यातील सत्तरी महाल. जांभ्या दगडाची लाल वाट, काजूची झाडे, पोफळीच्या बागा आणि त्यांमागे लगेच सुरू होणारे दाट रान. वाळपईजवळ नाणूस गावी नदीकाठी एक लहानसा भुईकोट होता. आज त्याचे वैभव पाहण्यास कोणी जाऊ नये, कारण ते मुळात नव्हतेच. परंतु सत्तरीतील राण्यांच्या प्रत्येक मोठ्या बंडात पहिली नजर या कोटावर गेली, कारण वाळपईची वाट आणि नदीचा उतार त्याच्या टप्प्यात होते, आणि पाठीशी रान असल्याने सुटकेचीही सोय होती. मोक्याची जागा म्हणतात ती हीच.

राणे हे सत्तरीचे मोकासदार. अठराव्या शतकात सावंतवाडीकर भोसल्यांकडून हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला, तेव्हा राण्यांचे हक्क राखण्याचा शब्द देण्यात आला होता. पुढे ते हक्क एकेक करून कातरले गेले, आणि 1852 मध्ये दीपाजी राणे, 1869 मध्ये कुष्टोबा राणे उठले. पोर्तुगिजांच्या गोव्यातील देशी फौजेचीही कहाणी याहून वेगळी नव्हती. 1871 मध्ये वळवईच्या ठाण्यातील बंडानंतर लिस्बनहून राजाचा भाऊ दों आगुस्तु यास धाडून ती फौज मोडण्यात आली. नंतर थोडक्या तुकड्या तेवढ्या ठेवल्या गेल्या, आणि त्यांत मराठे शिपाई होते.

1895 च्या पावसाळ्यात या शिपायांस हुकूम झाला की मोझांबिकला जावयाचे आहे. मोझांबिकमध्ये काय चालले होते? लोरेन्सू मार्किश बंदराच्या आसपासच्या रोंगा सरदारांनी, झोपडीवरील कर आणि गादीच्या वादातील सरकारी लुडबूड यांना कंटाळून, 1894 च्या ऑक्टोबरात थेट त्या शहरावर हल्ला केला होता. फेब्रुवारीत माराक्वेने येथे त्यांचा मोड झाला, आणि त्यांचे पुढारी पळून गाझाच्या राजाच्या आश्रयास गेले. तो राजा गुंगुन्याना; पोर्तुगीज त्यास गुंगुन्हाना म्हणत. लिंपोपोच्या खोऱ्यापासून उत्तरेस दूरवर त्याचा अंमल होता, आणि तो 1884 पासून गादीवर होता.

या राजाचे राजकारण करवीरच्या दरबारातील एखाद्या जुन्या कारभाऱ्यास चटकन उमजले असते. पोर्तुगिजांचे मांडलिकत्व त्याने कागदावर पत्करले, आणि त्याच वेळी 1891 मध्ये आपले दोन वकील लंडनला राणीकडे धाडले; सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीकडून एक हजार बंदुका, वीस हजार काडतुसे व सालीना पाचशे पौंडांचा करार मिळविला, आणि तरीही खाणीचे खरे हक्क कोणास द्यावयाचे हे शेवटपर्यंत झुलवत ठेवले. दोन बलाढ्यांच्या मध्ये उभे राहून एकास दुसऱ्याची भीती दाखवावी, ही दुर्बळाची एकच विद्या. 1812 च्या तहात मालवण देऊन बसलेल्या आमच्या राज्यासही ती अवगत होती. ती विद्या त्या दोघांचे आपसांत भांडण असेपर्यंतच चालते. जून 1891 मध्ये इंग्लंड व पोर्तुगाल यांनी सरहद्दीचा तह केला आणि गुंगुन्यानाच्या पायाखालची जमीन सरकली. तो काही दीनदुबळ्यांचा कैवारी नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्याच्या आजोबांनी त्सोंगा व चोपी लोकांस जिंकून ते राज्य उभारले होते, आणि चोपींना तर पोर्तुगीज परवडले पण गाझा नको असे झाले होते. आश्रयास आलेल्या रोंगा सरदारांस मात्र पोर्तुगिजांच्या हवाली करण्यास तो दीर्घकाळ तयार झाला नाही, आणि लढाई जुंपली ती याच निमित्ताने.

8 सप्टेंबर 1895 रोजी मागुल येथे पोर्तुगिजांनी रोंगांचा पराभव केला. त्यानंतर सहाच दिवसांनी, 14 सप्टेंबरला, पणजीच्या मराठा शिपायांनी जहाजावर चढण्यास नकार दिला, शस्त्रे घेतली आणि सत्तरीची वाट धरली. बायकामुलांना बरोबर नेऊ द्यावे ही त्यांची मागणी नामंजूर झाली होती. नाणूसचा कोट त्यांच्या हाती आला. अडवईचे दादा राणे आणि सत्तरीचे इतर राणे त्यांना येऊन मिळाले. मग सरकारी ठाणी, कचेऱ्या आणि धनिकांचे वाडे यांवर धाडी सुरू झाल्या, आणि सुमारे दोन वर्षे त्या मुलखात कोणाचाच बंदोबस्त धड राहिला नाही.

या नकाराचे वजन नीट केले पाहिजे, कारण जयंत्या-पुण्यतिथ्यांच्या भाषणांत त्याचे वजन भलतेच फुगविले जाण्याची भीती आहे. त्या शिपायांना गुंगुन्यानाचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. काळ्या माणसाच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी बंदूक खाली ठेवली नाही. ठेवलीच नाही, उलट उचलली. समुद्र ओलांडून परमुलखात मरण्याची धास्ती, घरच्या माणसांची काळजी, अधिकाऱ्यांचा उर्मटपणा, आणि मागे राहिलेल्या शेताचे कोण पाहणार ही विवंचना, एवढ्या चार घरगुती कारणांनी ते उठले. पण आफ्रिकेतील रोंगा तरी कशासाठी उठले होते? झोपडीवरच्या पट्टीसाठी आणि आपला सरदार कोण हे आपण ठरवू या हट्टासाठी. थोर तत्त्वे मागाहून येतात, बहुधा इतिहासकारांच्या हातून येतात. उठण्याच्या घटकेला माणसापाशी आपले घर आणि आपले शेत एवढेच असते. म्हणून या दोन उठावांचे नाते भावनेचे नव्हते असे म्हणून ते नव्हतेच, असे म्हणता येणार नाही. मोझांबिक दाबण्यासाठी गोव्याची फौज लागत होती, आणि गोव्याची फौज उठल्यामुळे लिस्बनला गोव्याकडे फौज धाडावी लागली. राजा दों कार्लुशचा धाकटा भाऊ दों आफोंसु सैन्य घेऊन आला. चोवीस वर्षांत गोव्याच्या शिपायांसाठी लिस्बनने धाडलेला हा दुसरा राजबंधू.

यामुळे गुंगुन्याना वाचला काय? वाचला नाही. 7 नोव्हेंबरला कूलेला येथे पोर्तुगिजांच्या लहानशा चौरसावर त्याच्या हजारो योद्ध्यांनी उघड्या माळावरून हल्ला केला आणि एकामागून एक गोळ्या सोडणाऱ्या बंदुकांपुढे ते तासाभराच्या आत कोसळले. 28 डिसेंबरला शायमिते या पूर्वजांच्या पवित्र गावी मूझिन्यु द आल्बुकेर्क या कप्तानाने थोड्या स्वारांनिशी येऊन त्यास पकडले, सर्वांसमक्ष जमिनीवर बसविले, आणि त्याच्या दोघा मानकऱ्यांस तेथेच गोळ्या घातल्या. मार्च 1896 मध्ये लिस्बनच्या रस्त्यांतून बायकांसह त्याची मिरवणूक काढण्यात आली. मग अझोर्स बेटांत हद्दपारी, आणि 1906 मध्ये मृत्यू. त्याचा सेनापती मागिग्वाना 1897 पर्यंत झुंजत राहिला. दादा राण्यांचे बंडही त्याच सुमारास थंडावले. गोव्याच्या इतिहासात ते राण्यांच्या बंडांच्या यादीत जाऊन बसले, आणि मोझांबिकच्या इतिहासात त्याचा उल्लेख सहसा नाही.

गोमंतकाच्या बाजूने दुसऱ्याही वळणाची माणसे निघाली, ती लपविण्यात अर्थ नाही. म्हापशात जन्मलेला मानुएल आंतोनियु द सोझा झांबेझीच्या मुलखात गेला, पोर्तुगीज राजाच्या नावाने पण स्वतःच्या बंदूकवाल्यांच्या जोरावर गोरोंगोझा व मानिकाच्या भागाचा धनी झाला, आणि गुव्हेया या नावाने तिकडच्या लोकांचा कर्दनकाळ ठरला. 1892 मध्ये बारूएच्या लोकांनी त्यास ठार केले. म्हापसा आणि नाणूस यांत अंतर थोडे; एकीकडून आफ्रिकेचा एक जुलमी जहागीरदार गेला आणि दुसरीकडून शिपाई जाण्यास नाकबूल झाले, हे एकाच पिढीत घडले.

इंग्रजी अंमलातील पलटणींना नकाराची ती चैन पुढेही परवडली नाही. कोल्हापूरच्या आकड्याची 27 वी पलटण 1898 मध्ये युगांडात होती. तेथे सुदानी शिपायांनी बंड केले होते, आणि बुगांडाचा म्वांगा व बुन्योरोचा काबालेगा हे दोन राजे रानोमाळ लढत होते. 1899 मध्ये दोघे पकडले गेले आणि सेशेल्स बेटांत रवाना झाले. इकडे कोल्हापूरच्या राजवाड्यात शिकारीचे चित्ते बाळगण्याची हौस होती. देशी चित्ते दुर्मिळ झाल्यावर ते केनियातून जहाजाने येऊ लागले आणि येथले तरबेज चित्तेवान त्यांना हरणांवर सोडण्यास शिकवू लागले. त्याच काळात, 1922 च्या मार्चमध्ये, हॅरी थुकूच्या अटकेविरुद्ध नैरोबीत जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. चित्ते आले, बातमी आली की नाही कोण जाणे.

शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारख्या गावांत, गडहिंग्लज-आजरा-चंदगडच्या वाड्यावस्त्यांत, बेळगावच्या मराठा पलटणीत जाणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. त्या पलटणीच्या जवानांस केरेनचे नाव सांगावे लागत नाही. एरिट्रियातील या डोंगरी शहरापाशी 1941 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इटालियनांशी मोठी लढाई झाली, आणि 15 मार्चच्या संध्याकाळी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनने पिनॅकल नावाचा कडा सर केला. शिवछत्रपतींच्या जयजयकाराची युद्धघोषणा याच डोंगरात प्रथम उठली, अशी आख्यायिका पलटणीत आवडीने सांगतात; दुर्गम कडे चढणाऱ्यांच्या तोंडी दुसरे कोणते नाव येणार, असाही युक्तिवाद तिला जोडला जातो. 1896 मध्ये अडोवा येथे मेनेलिकने इटालियनांचा पुरता फडशा पाडला होता, 1935 मध्ये मुसोलिनीने विषारी वायूने त्याचा सूड घेतला, आणि आता 5 मे 1941 रोजी सम्राट हैले सेलासी पुन्हा आदिस अबाबात आला. मगदाला फोडण्यास मुंबईची फौज गेली होती आणि हबसाणाचे सिंहासन परत मिळवून देण्यातही तिचेच वंशज होते. साम्य एवढेच की दोन्ही वेळा विचारणा त्यांना झाली नव्हती. एरिट्रिया मात्र 1952 पर्यंत इंग्रजांच्याच ताब्यात राहिला.

केरेनच्या त्या तिसऱ्या बटालियनचे पुढे छत्रीदलात रूपांतर झाले आणि तिचे नाव दुसरी पॅराशूट (मराठा) बटालियन पडले. 1961 च्या ऑक्टोबरात पोर्तुगीज वसाहतवादावरील परिसंवादासाठी आफ्रिकेतील पुढारी दिल्लीस आले होते आणि हिंदुस्थानने गोव्यात विलंब लावू नये, असा त्यांचा आग्रह होता. लिस्बनची मूठ एके ठिकाणी सैल झाली की दुसरीकडेही सुटेल, हा हिशेब 1895 च्या शिपायांनी न कळता मांडला होता आणि या मंडळींनी कळून मांडला. डिसेंबरात कारवाई सुरू झाली तेव्हा ही मराठा बटालियन पूर्वेकडील वाटेने उसगावमार्गे फोंड्यावर उतरली, म्हणजे सत्तरीच्या अगदी शेजारून गेली. 19 डिसेंबरला गोवा मोकळा झाला. त्याचा राग सालाझारच्या सरकारने मोझांबिकमधील हिंदी व्यापाऱ्यांवर काढला. त्यांना छावण्यांत डांबले, मालमत्ता गोठविली आणि देशाबाहेर घालविले. गोव्यात जन्मलेले आकिनु द ब्रागांसा पुढे फ्रेलिमो या मोझांबिकच्या मुक्तिसंघटनेच्या मंडळींत मिसळले, आणि 25 जून 1975 रोजी मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर ते अध्यक्ष सामोरा माशेल यांचे निकटचे सल्लागार झाले.